गोव्यात संगीत नाटकाचा गायक-नट आणि शिक्षक म्हणून उभे राहताना

गोव्यात केवळ प्रयोगांच्या मानधनावर वर्षभर घर चालवणारा गायक-नट सापडणे कठीण, आणि स्वतः रंगमंचावर पाऊल न ठेवता नाट्यपद नीट शिकवणारा शिक्षक सापडणे त्याहून कठीण. म्हणून या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्याने सादरीकरण आणि अध्यापन हे दोन पर्याय समजू नयेत. एकाच व्यवसायाचे हे दोन हंगाम आहेत, असे धरून पहिल्या वर्षापासून दोन्हींची तयारी करावी. मंगेशीचे पंडित जितेंद्र अभिषेकी ‘मत्स्यगंधा’ (१९६४) आणि ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकांचे संगीतकार म्हणून जितके ओळखले जातात तितकेच गुरू म्हणूनही ओळखले जातात. प्रभाकर कारेकर आणि अजित कडकडे हे गोव्याचेच गायक त्यांच्याकडे शिकले. म्हापशाचे रामदास कामत यांनी एअर इंडियातील नोकरी सांभाळून संगीत रंगभूमी गाजवली. नोकरी करणारा कलावंत अर्धा कलावंत, हा समज त्यांच्याकडे पाहून तरी सोडून द्यावा.

गळा, ताल आणि परीक्षा

नाट्यसंगीत हे शास्त्रीय संगीताहून सोपे, अशी समजूत करून घेऊन थेट पदांपासून सुरुवात करणारे विद्यार्थी चार-पाच पदांनंतर अडकतात, कारण प्रत्येक पद त्यांना नव्याने पाठ करावे लागते. राग ओळखीचा असला की पद निम्मे बसलेलेच असते. यमन, भूप, भीमपलास, बागेश्री, मालकंस, खमाज, काफी, पिलू, देस, मांड, पहाडी, जोगिया आणि भैरवी एवढे राग आरोह-अवरोह, पकड (रागाची ओळख पटवणारा स्वरसमूह) आणि निदान एका छोट्या ख्यालासह गळ्यावर चढले, की जुन्या संगीत नाटकांचा मोठा भाग आवाक्यात येतो. तालांमध्ये त्रिताल, एकताल, झपताल, रूपक, केरवा, दादरा आणि धुमाळी हातावर टाळी-खाली देत बोलता आले पाहिजेत. साकी, दिंडी, कामदा आणि अंजनीगीत या चाली स्वतंत्रपणे शिकाव्यात. अण्णासाहेब किर्लोस्कर आणि गोविंद बल्लाळ देवल यांच्या नाटकांत त्या जागोजागी येतात, परंतु शिकवण्यांच्या वर्गात त्यांच्याकडे सहसा दुर्लक्ष होते.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचा क्रम प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण आणि त्यापुढे अलंकार असा आहे. या परीक्षा जरूर द्याव्यात, कारण पुढे शिकवणी सुरू करताना पालक सर्वप्रथम ‘विशारद झालात का?’ असेच विचारतात. मात्र विशारद म्हणजे नट-गायक नव्हे. परीक्षेत पंधरा मिनिटे राग मांडणे आणि नाटकात तीन मिनिटांत प्रसंग पुढे नेणे ही कामे वेगळी आहेत.

याच काळात पेटी शिकावी. निदान स्वतःच्या पट्टीत (आपला ‘सा’ ज्या उंचीवर धरतो तिथे) सूर धरून साधे पद वाजवता येईल इतका हात बसल्याशिवाय शिक्षक म्हणून पाऊल टाकू नये. दर वेळी साथीदार बोलावणे परवडत नाही आणि भ्रमणध्वनीवरच्या तानपुऱ्याने विद्यार्थ्याचा चुकलेला स्वर दाखवता येत नाही.

गद्याकडे होणारे दुर्लक्ष

गोव्यातल्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या घरात कोकणी बोलली जाते आणि मराठी ही देऊळ, भजन, वर्तमानपत्र आणि नाटक यांच्याद्वारे भेटते. त्यामुळे गाताना उच्चार शुद्ध वाटतो, पण गद्यात येताच स्वर नाकात जातात आणि वाक्याचा शेवट कोकणीच्या हेलाने वर उचलला जातो. गावच्या नाटकात विनोदी पात्राला हा हेल शोभूनही दिसतो, पण ‘सौभद्र’मधल्या अर्जुनाला किंवा ‘मानापमान’मधल्या धैर्यधराला तो शोभत नाही. यावर एकच उपाय मी मानतो: रोज वीस मिनिटे जुन्या नाटकातले गद्य उभे राहून, मोठ्याने, पूर्णविरामापर्यंत श्वास राखून वाचावे आणि ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावे. स्वतःचा आवाज त्याच दिवशी ऐकला तर कान माफ करतो. ‘न’ आणि ‘ण’, ‘ल’ आणि ‘ळ’, तसेच ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन-दोन उच्चार यांकडे लक्ष द्यावे.

पद कसे बसवावे

हा सर्वांत महत्त्वाचा भाग असल्यामुळे तो घाईने उरकू नये. एक पद नीट बसायला आठवड्यातून दोन बैठका धरल्या तरी तीन-चार आठवडे लागतात.

प्रथम सगळा प्रवेश वाचावा, पद नव्हे. कोण कोणाशी बोलत आहे, पदाआधी त्याला काय हवे होते आणि पद संपल्यावर प्रसंगात काय बदलले, या प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत. काही पदे मनातली गोष्ट प्रेक्षकांना सांगतात, काही समोरच्या पात्राला वळवण्यासाठी असतात आणि काही निव्वळ वर्णनाची असतात. नजर कुठे ठेवायची हे यावरूनच ठरते.

त्यानंतर पदाचे शब्द गद्यासारखे वाचून अन्वय लावावा. देवलांची भाषा बोलण्याच्या जवळची असल्यामुळे ‘शारदा’ (१८९९) आणि ‘संशयकल्लोळ’ यांतली पदे नवशिक्याला लवकर समजतात. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’ (१९११) आणि ‘स्वयंवर’ (१९१६) यांतल्या पदांमध्ये समास आणि उलटसुलट पदक्रम असल्यामुळे अन्वय न लावता गाणारा गायक नेमका चुकीच्या शब्दानंतर श्वास घेतो. अर्थ कळला की श्वासाच्या जागा पेन्सिलीने खुणावून ठेवाव्यात.

मग चाल बाजूला ठेवून शब्द केवळ तालात बोलावेत. समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) कोणता शब्द येतो, मुखडा कितव्या मात्रेपासून उचलायचा आणि अंतऱ्यातून ध्रुवपदाला परत येताना किती मात्रा मोकळ्या राहतात, हे हातावर पक्के झाले की तबल्यासमोर उभे राहण्याची भीती उरत नाही.

चाल घेताना ती हरकती, मुरक्या आणि ताना वगळून, उघड्या स्वरांत घ्यावी. येथे ध्वनिमुद्रणांविषयी थोडे विषयांतर करतो. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावत असे, त्यामुळे तिच्यावरचे पद लय वाढवून आणि आलाप कापून गायलेले असते. उलट, पुढच्या काळातल्या मैफिलींची ध्वनिमुद्रणे रागाचा विस्तार करीत दहा-बारा मिनिटांपर्यंत जातात. रंगमंचावरचे पद या दोन्हींहून वेगळे असते. यूट्यूबवरून एखाद्या थोर गायकाची प्रत्येक हरकत उचलून आणणारा विद्यार्थी त्या गायकाची मैफल नाटकात आणून बसवतो आणि समोरचे पात्र उगाच ताटकळत उभे राहते. ध्वनिमुद्रण अवश्य ऐकावे, परंतु उघडी चाल पक्की झाल्यावर.

यापुढची पायरी म्हणजे गद्यातून पदात शिरणे. संगीत नाटकाची खरी परीक्षा याच सांध्यावर होते. पदाआधीच्या शेवटच्या वाक्याखाली ऑर्गनवादक षड्ज धरतो. नटाने बोलता बोलता आवाजाची उंची त्या स्वराच्या जवळ आणून, वाक्य संपताच खाकरणे, सरळ उभे राहणे किंवा वादकाकडे पाहणे असे काहीही न करता पद उचलायचे असते. शेवटची दोन वाक्ये आणि मुखडा एवढाच तुकडा एका तालमीत पुन्हा पुन्हा करावा. पद संपल्यावरच्या पहिल्या वाक्याचीही तशीच तालीम करावी, कारण टाळ्यांनंतर आवाज अनेकदा गाण्याच्याच पट्टीत अडकून राहतो.

शेवटी हालचाल आणि अलंकार. आलापाला किती आवर्तने, तान कुठे आणि तिहाई (तोच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणे) असल्यास कोणती, हे तालमीत ठरवून त्यावर ठाम राहावे. ‘वन्स मोअर’ आला तर सगळे पद पुन्हा म्हणायचे की अंतऱ्यापासून, हे तबलावादकाशी आधीच बोलून ठेवावे. गोव्याच्या जत्रेत ‘वन्स मोअर’ येतोच. मात्र प्रसंग करुण असेल तर तो नम्रपणे न घेण्याचे धाडसही नटाने शिकावे, असे माझे मत आहे.

पट्टी आणि साथ

पुरुष गायक साधारणपणे काळी एक ते काळी दोन आणि स्त्रिया काळी चार ते काळी पाच या पट्ट्यांत (पेटीच्या सप्तकातल्या काळ्या सुरांच्या क्रमाने मोजलेल्या) गातात. नायक-नायिकेच्या प्रवेशात यामुळे अडचण येते. नायकाची काळी एक आणि नायिकेची काळी चार असेल, तर नायकाचा पंचम हाच नायिकेचा षड्ज ठरतो आणि ऑर्गनवादकाला एका पदातून दुसऱ्यात सहज जाता येते. पट्ट्या याहून विचित्र अंतरावर असतील तर पात्रनिवडीच्या वेळीच विचार करावा. तबलावादकाकडे दोन्ही पट्ट्यांचे तबले असल्याची खात्री करावी. आधी मुद्रित केलेल्या साथीवर पद गाणे मी कोणालाही सुचवणार नाही: मुद्रित साथ नटाच्या वाक्यासाठी थांबत नाही, आणि थांबणे हेच तर या कलेचे मर्म आहे.

कुठे उभे राहावे

गोव्यातल्या नवोदिताला पहिली संधी बहुधा देवळाच्या उत्सवी नाटकात मिळते. जत्रांचा हंगाम कार्तिकापासून वैशाखापर्यंत चालतो आणि अनेक गावांत देवाची पालखी परतल्यावर, मध्यरात्रीच्या सुमारास, नाटकाची नांदी होते. पहाटे तीनला तिसऱ्या अंकातले पद गाण्यासाठी शरीर वेगळे सांभाळावे लागते. दुपारी झोप घ्यावी, प्रसादाचे जेवण पोटभर न घेता दोन घास कमी खावेत, पाणी रात्रभर घोट-घोट पीत राहावे आणि आपल्या प्रवेशाआधी मंद्र सप्तकात पाच-सात मिनिटे स्वर लावावेत. कर्ण्यांच्या गदारोळात स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून ओरडून गाणे ही घसा बिघडण्याची सर्वांत मोठी वाट आहे. ध्वनियोजकाला सांगून एक छोटा ध्वनिक्षेपक रंगमंचाकडे तोंड करून ठेवून घ्यावा. घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक टिकला तर काढे बाजूला ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे.

उत्सवी नाटकांनंतर स्पर्धा येतात. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धा आणि महाराष्ट्र शासनाची संगीत नाट्यस्पर्धा यांमुळे परीक्षकांसमोर, वेळेच्या बंधनात आणि पूर्ण नेपथ्यासह प्रयोग करण्याची सवय होते. पणजीत कांपाल येथे, चार्ल्स कोरिया यांनी आरेखित केलेल्या कला अकादमीच्या वास्तूतले दीनानाथ मंगेशकर कला मंदिर, फोंड्याचे राजीव गांधी कला मंदिर आणि मडगाव, कुडचडे, साखळी येथील रवींद्र भवने या बंदिस्त प्रेक्षागृहांत प्रयोग पाहायला नियमित जावे. पाहताना एकदा गायकाकडे न पाहता ऑर्गनवादकाकडेच पाहावे. बरेच काही कळते. तियात्राचा, म्हणजे गोव्यातल्या कोकणी गाण्या-नाट्याचा, प्रयोगही अवश्य पाहावा. तिथली कांतारां (गाणी) कथानकाच्या बाहेर उभी असतात आणि आपली पदे कथानकाच्या आत, हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की नाट्यपदाचे काम अधिक स्पष्ट होते.

आकाशवाणीच्या ध्वनिचाचणीचा अर्जही वेळेत करावा. बी, बी-हाय, ए आणि टॉप अशा तिथल्या श्रेण्यांचा उपयोग पुढे अध्यापनाच्या पात्रतेतही होतो.

चाचणी कोणतीही असो, सोबत कायम तयार ठेवावे असे साहित्य म्हणजे एक नांदी, किर्लोस्कर-देवल काळातले एक पद, खाडिलकर काळातले एक, अभिषेकींच्या काळातले एक, आणि दोन मिनिटांचे गद्य स्वगत. बहुतेक उमेदवार गद्य विसरतात.

पदवी आणि शिष्यवृत्ती

औपचारिक शिक्षणासाठी गोव्यात दोन ठिकाणे आहेत: पणजीत आल्तिनो येथील गोवा संगीत महाविद्यालय आणि कला अकादमीचे नाट्यकला महाविद्यालय. गाणे अगोदरच पक्के असलेल्याने नाट्यकलेकडे आणि अभिनयाची सवय असलेल्याने संगीताकडे जावे, असा माझा सल्ला असतो, म्हणजे पदवी उणीव भरून काढते. गोव्याबाहेर जायचे असल्यास सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात संगीत आणि नाट्य एकाच छताखाली आहे. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयोगटातील कलावंतांसाठी दोन वर्षांची, दरमहा ५,००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. वय उलटण्याआधी तिचा अर्ज करावा.

महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचे तर पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा हा नेहमीचा मार्ग आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत कलावंतांसाठी दुसरी वाटही आहे: संगीतात पदवीसह नामवंत गुरूकडची तालीम, आकाशवाणी किंवा दूरदर्शनची ए श्रेणी आणि विषय सोदाहरण शिकवण्याची क्षमता यांवर पात्रता ठरू शकते. शाळेतल्या नेमणुकांच्या अटी प्रत्येक जाहिरातीत मुळापासून वाचाव्यात.

शिकवणी आणि कार्यशाळा

शिकवण्याची सुरुवात स्वतंत्र वर्ग काढून करू नये. एखाद्या अनुभवी तालीम मास्तरांच्या हाताखाली गावचे एक नाटक पूर्ण बसेपर्यंत पदांची तालीम घ्यावी. तिथे दहा वर्षांचा मुलगा, पन्नाशीचे पोस्टमास्तर आणि गाणे न शिकलेली पण सुरात असलेली गृहिणी एकाच सतरंजीवर बसतात आणि प्रत्येकाला वेगळ्या भाषेत सांगावे लागते. वयाने वडीलधाऱ्या नटाला ‘काका, हा निषाद कोमल आहे’ असे सर्वांदेखत सांगायचे की मध्यंतरात बाजूला घेऊन, हे शहाणपण कोणताही अभ्यासक्रम देत नाही. बाजूला घेऊनच सांगावे.

स्वतःच्या वर्गात एका गटात सहा ते आठ विद्यार्थी पुरेत. दीड तासाच्या बैठकीत पहिली वीस मिनिटे स्वरसाधना आणि ताल, पुढची तीस मिनिटे चालू पद, त्यानंतर गद्य, आणि शेवटी प्रत्येकाने एकट्याने उभे राहून म्हणणे, अशी विभागणी मला उपयोगी वाटते. बसून पद म्हणण्याची सवय लागलेला विद्यार्थी उभा राहताच श्वास चुकतो, म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून त्याला उभाच करावा. सामूहिक गायनावर फार विसंबू नये, कारण बेसूर आवाज समूहात सुखाने लपतो.

साधारण बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांचा आवाज फुटतो. या काळात तार सप्तकाचा हट्ट धरू नये, पट्टी उतरवावी, पदे कमी करावीत आणि ताल, पेटी व गद्य वाढवावे. पालक कासावीस होतात. त्यांना आधीच सांगून ठेवावे. स्नेहसंमेलनासाठी आठ वर्षांच्या मुलीकडून शृंगारिक पद बसवून घेण्याचा आग्रह झाला, तर शिक्षकाने ठामपणे दुसरे पद सुचवावे. लहान मुलांचे वर्ग दार उघडे ठेवून घ्यावेत आणि तालमीला उशीर होणार असेल तर पालकाला थांबवून घ्यावे.

वर्षाची आखणी आणि पैसा

ज्येष्ठ ते आश्विन हे महिने वर्ग, नवी पदे आणि स्पर्धेच्या नाटकाची तालीम यांसाठी ठेवावेत. श्रावणातल्या वास्को सप्ताहासारख्या भजनी उत्सवांत आणि चतुर्थीच्या दिवसांत बैठकीची निमंत्रणे मिळतात. कार्तिकापासून रात्री प्रयोग आणि दुसऱ्या दिवशी वर्ग असा दुहेरी ताण येतो, म्हणून हंगामात वर्ग संध्याकाळी आणि आठवड्यातून दोनच दिवस ठेवावेत. शुल्क मात्र वर्षाच्या बैठकांची संख्या धरून ठरवावे, म्हणजे हंगामातल्या सुट्ट्यांवरून वाद होत नाहीत.

उत्सवी नाटकाच्या समितीशी मानधन ठरवताना तालमी किती, प्रवास आणि जेवण कोणाकडे, साथीदारांचे पैसे वेगळे की त्यातच, आणि गावात सुतक आल्याने किंवा अवकाळी पावसाने प्रयोग पुढे ढकलला तर काय, एवढ्या चार गोष्टी व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्याव्यात. ‘आपलेच देवस्थान’ म्हणून विनामूल्य गाणे आनंदाने करावे, परंतु साथीदाराला विनामूल्य बसवू नये. संस्थेने मानधनातून कर कापला असेल तर विवरणपत्र भरून हिशेब पुरा करावा.

नाटकांचे हक्क

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार लेखकाचा आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो आणि ही मुदत पुढच्या जानेवारीपासून मोजली जाते. किर्लोस्कर (निधन १८८५), देवल (१९१६), राम गणेश गडकरी (१९१९) आणि खाडिलकर (१९४८) यांची नाटके त्यामुळे खुली आहेत; ‘मानापमान’चे संगीतकार गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये गेले, म्हणून त्या चालीही खुल्या आहेत. अभिषेकी (१९९८), ‘कट्यार’चे लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर (१९९९) आणि ‘मत्स्यगंधा’चे लेखक वसंत कानेटकर यांच्या कृतींचे हक्क मात्र शाबूत आहेत आणि तिकीट लावून प्रयोग करायचा तर वारसांची लेखी परवानगी हवी. हौशी मंडळाने प्रेक्षकांकडून पैसे न घेता, किंवा धार्मिक संस्थेच्या लाभासाठी केलेला प्रयोग कायद्याच्या कलम ५२ मधील सवलतीत बसतो. देवळाच्या प्रांगणातल्या बहुतेक प्रयोगांना हे लागू होते. तोच प्रयोग चित्रित करून यूट्यूबवर टाकला की या सवलतीवर विसंबता येत नाही, हे समितीला आधीच सांगावे. महाराष्ट्रात प्रयोग नेणार असाल तर तिथल्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. त्यासाठीची संहिता प्रयोगाची तारीख ठरण्याआधीच पाठवावी.